दफनभूमीत नफा का नको?

श्रोतेहो, आजचा विषय ऐकून काहीजण रेडिओचा कान पिरगाळतील अशी भीती वाटते. संध्याकाळची वेळ, चुलीवर भाकरी चाललेली, आणि हा गृहस्थ स्मशानाच्या गोष्टी सांगायला बसला! परंतु जन्म, लग्न आणि शेती यांवर आपण इतके बोलतो, तर ज्या ठिकाणी आपणा सर्वांनाच एकदा जायचे आहे, तिथला कारभार कसा चालतो याची पंधरावीस मिनिटे चौकशी करायला हरकत नसावी.

विषय सुचला तो आमच्या गावच्या ग्रामसभेत. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. सुट्टीत गावी गेलो होतो, आणि ग्रामसभा होती म्हणून जाऊन बसलो. गावच्या स्मशानाची दशा बहुतेक गावांत असते तीच. पत्र्याचे छप्पर वादळात उडालेले, पावसाळ्यात सरण पेटेना, लाकडे आयत्या वेळी कुणाच्या तरी बांधावरून आणायची. अशात तालुक्याच्या गावाहून एक मक्तेदार आला आणि म्हणाला, "पंचायतीने एक पैसा घालू नये. शेड मी बांधतो, लाकूड-गोवऱ्या मी ठेवतो, माणूस मी नेमतो. फक्त तीस वर्षे जागा माझ्या ताब्यात द्या आणि दर मला ठरवू द्या." निम्म्या सभेला हे पसंत पडले. फुकटात शेड मिळत असेल तर कोण नको म्हणेल?

तेवढ्यात मागे बसलेले आमचे म्हातारे गुरुजी उठले. मला त्यांनीच चौथीपर्यंत शिकवले. ते म्हणाले, "अहो, शेड देतोय ते ठीक. पण त्याला त्यातून मिळणार काय? आणि कुणाकडून मिळणार?" सभा एकदम गप्प झाली. मग गुरुजी माझ्याकडे वळून म्हणाले, "तू अर्थशास्त्राचा एम्. ए. ना रे? मग सांग, मेलेल्या माणसावर नफा काढावा की काढू नये? बाहेरच्या देशांत काय करतात?"

खरे सांगतो, मला त्या वेळी उत्तर देता आले नाही. "बघून सांगतो, गुरुजी," एवढे म्हणून मी खाली बसलो. नंतर पुस्तके आणि कायदे चाळले, तेव्हा ध्यानात आले की हाच प्रश्न पावणेदोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याला पडला होता, आणि त्या राज्याने कायदा करून त्याचे उत्तर दिले होते: दफनभूमी चालवायची तर ती नफ्यासाठी चालवता येणार नाही. हे उत्तर त्यांनी का दिले आणि ते कितपत टिकले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम एक शब्द स्पष्ट करून घेऊ. 'नफ्यासाठी नाही' म्हणजे 'फुकट' असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नव्हे. आपल्याकडच्या शिक्षणसंस्थेचे उदाहरण घ्या. संस्था फी घेते, मास्तरांना पगार देते, इमारत बांधते, वर्षअखेर चार पैसे शिल्लकही टाकते. परंतु ती शिल्लक संस्थेच्या विश्वस्तांनी आपसांत वाटून घ्यायची नसते. ती पुन्हा शाळेतच घालायची असते. सहकारी साखर कारखान्याची गोष्ट वेगळी, तिथे सभासदाला त्याच्या भागावर लाभांश मिळतो. न्यूयॉर्कची दफनभूमी या बाबतीत शाळेसारखी आहे. ती जागेचे पैसे घेते, कबर खणण्याचे पैसे घेते, माळ्याला आणि कारकुनाला पगार देते. पण तिला मालक नाही, भागधारक नाही, आणि वर्षअखेर उरलेला डॉलर कुणाच्याही खिशात जात नाही.

आता हे का करावे लागले? त्यासाठी जरा मागे जाऊ.

आपल्याकडे दहनाची चाल मोठी. आज इथे एकाचे सरण रचले, राख सावडली, की उद्या त्याच ओट्यावर दुसऱ्याचे. जागा कुणाची होऊन राहत नाही. दफनाचे तसे नाही. ते आपल्याकडेही मुसलमान, ख्रिस्ती, लिंगायत, गोसावी अशा समाजांत आहेच, आणि लहान मूल गेले तर इतरांतही त्याला पुरतात. दफनात एका माणसाला साडेतीन हात जमीन द्यावी लागते, आणि ती एकदा दिली की परत मागता येत नाही. गाव लहान, जमीन पुष्कळ, तोवर हे निभते. शहरे फुगली की पंचाईत होते.

लंडन शहरात ही पंचाईत आधी झाली. तिथे देवळांच्या अंगणात पुरण्याची चाल होती, आणि अंगणे भरून गेली. मग काही लोकांना त्यात धंदा दिसला. स्ट्रँड या रस्त्याजवळ ईनन चॅपल नावाचे एक छोटे प्रार्थनामंदिर होते. त्याच्या पाद्रीने १८२० नंतरच्या वर्षांत मंदिराखालच्या तळघरात स्वस्तात दफन सुरू केले. दर पंधरा शिलिंग, म्हणजे इतरांपेक्षा कमी. गरीब माणसे तिकडे येऊ लागली. एका घराएवढ्या त्या तळघरात सुमारे १२,००० प्रेते कोंबली गेली असे मागाहून समजले. वर लाकडी फळ्यांची जमीन, तिच्यावर प्रार्थनेला बसलेली माणसे, आणि फळ्यांच्या फटींतून वर येणारी घाण! जॉर्ज वॉकर नावाच्या एका डॉक्टराने १८३९ साली पुस्तक लिहून हे सर्व प्रकार लोकांपुढे मांडले. पुढे त्याने ती जागाच घेतली आणि खालचे अवशेष पदरच्या खर्चाने शहराबाहेर नेऊन पुरले. आपल्याकडे 'मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे' असा शब्दप्रयोग आहे. त्याचा याहून ठळक दाखला शोधूनही सापडायचा नाही.

न्यूयॉर्कमध्येही तीच वाट चालू होती. १८२२ साली तिथे पीतज्वराची साथ आली. देवळांच्या अंगणांतील उथळ कबरींवर लोकांचा संशय गेला, आणि १८२३ साली शहराच्या दाट वस्तीच्या दक्षिण भागात नवीन दफन करण्यास मनाई झाली. तेव्हा मेलेल्यांना न्यायचे कुठे? शहराबाहेर, मोकळ्या जागेत. १८३१ साली बोस्टनजवळ माऊंट ऑबर्न नावाची बागेसारखी दफनभूमी झाली होती, झाडी, तळी आणि टेकड्या असलेली. तिच्या धर्तीवर १८३८ साली न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिनमध्ये ग्रीन-वूड ही दफनभूमी निघाली. आज तिचा विस्तार ४७८ एकर आहे.

या ग्रीन-वूडची जन्मकथा आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. ती आरंभी भागभांडवलाची कंपनी म्हणून काढली होती. भाग विकायचे, जमीन घ्यायची, कबरींच्या जागा विकायच्या आणि भागधारकांनी नफा घ्यायचा. परंतु लगेच, १८३९ सालीच, तिची घडण बदलून ती विश्वस्त संस्था करण्यात आली. मग १८४७ साली न्यूयॉर्क राज्याने एक सर्वसाधारण कायदाच केला. त्याला ग्रामीण दफनभूमी कायदा म्हणतात. किमान सात माणसांनी एकत्र येऊन संस्था काढावी, विश्वस्त निवडावेत, जमीन घ्यावी, जागा विकाव्यात. या जमिनीवर कर नाही, आणि ज्याने कबरीची जागा घेतली त्याच्या कर्जापोटी ती जप्त करता यायची नाही. अट एकच, की येणारा पैसा जमिनीच्या किमतीला आणि दफनभूमीच्या देखभालीलाच लागला पाहिजे. या कायद्याने ब्रुकलिन आणि क्वीन्स भागांत इतक्या दफनभूमी निघाल्या की क्वीन्समध्ये जिवंतांपेक्षा मेलेले जास्त आहेत असे लोक आजही म्हणतात, आणि ते काही थट्टेने नव्हे. तिथल्या कॅल्व्हरी या एकाच दफनभूमीत सुमारे ३० लाख माणसे पुरलेली आहेत.

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे येऊ. नफ्याला मनाई का? नफा म्हणजे पाप आहे म्हणून का? मुळीच नाही. त्याच न्यूयॉर्कमध्ये शवपेटी विकणारा नफा घेतो, फुले विकणारा घेतो, अंत्ययात्रेची गाडी पुरवणारा घेतो. त्यांना कुणी अडवत नाही. मग जमिनीलाच हा वेगळा न्याय का? मला त्याची चार कारणे दिसतात.

पहिले कारण साध्या हिशेबाचे आहे, आणि तेच सर्वांत मोठे आहे. कबरीपासून उत्पन्न एकदाच येते, खर्च मात्र कायम राहतो. शेतकऱ्याला हे लगेच कळेल. शेताला दरवर्षी खर्च लागतो, पण ते दरवर्षी पिकते. कबर एकदाच 'पिकते', ज्या दिवशी जागा विकली जाते त्या दिवशी. पुढे शंभर वर्षे गवत कापायचे, कुंपण सांभाळायचे, रस्ता नीट ठेवायचा, कललेला दगड सरळ करायचा, नोंदवही जपायची. आता समजा ही जमीन एका व्यापाऱ्याची आहे. जोवर विकायला जागा शिल्लक आहेत, तोवर तो गवत कापील, फुलझाडे लावील, कारण नवे गिऱ्हाईक यायचे आहे. ज्या दिवशी शेवटची जागा विकली जाईल, त्या दिवशी त्याचे दुकान संपले. त्यानंतरचा प्रत्येक पैसा हा त्याला निव्वळ तोटा. शहाणा व्यापारी अशा वेळी काय करील? जमा झालेला पैसा घेईल आणि निघून जाईल. त्याला वाईट माणूस असावे लागत नाही, फक्त हिशेब येत असला म्हणजे पुरे.

दुसरे कारण गिऱ्हाइकाचे. बैल घ्यायला आपण बाजारात जातो तेव्हा चार दावणी फिरतो, दात पाहतो, भाव पाडतो, पटले नाही तर परत येतो. घरात माणूस गेले असता कोण भाव पाडील? डोळ्यांना धार लागलेली, नातलग खोळंबलेले, आणि वेळ थोडा. त्यात स्वस्त जागा मागितली तर आपल्याच मनाला लागते, की बापासाठी एवढेही करवले नाही. 'गरजवंताला अक्कल नसते' असे आपण म्हणतो. दुःखात असलेल्याला अक्कल असते, पण ती वापरायला मन धजत नाही.

तिसरे कारण असे, की इथे गिऱ्हाईक परत फिरू शकत नाही. दुकानदाराने वाईट माल दिला तर पुढच्या वेळी आपण दुसऱ्याकडे जातो. त्या धाकानेच बाजार सरळ चालतो. पण आईला एका ठिकाणी पुरले, आणि पाच वर्षांनी तिथे रान माजलेले दिसले, तर आईला उचलून दुसरीकडे न्यायचे का? ते क्वचितच कुणी करतो. आणि ज्याची ती कबर, तो तर तक्रार करायला येणारच नाही.

चौथे कारण समाजाने दिलेल्या सवलतीचे. या जमिनीवर कर नाही, याचा अर्थ तो कर गावातल्या इतरांनी भरला. जी सवलत सर्वांनी मिळून दिली, तिचा फायदा एकट्याने घ्यावा हे न्यायाचे नव्हे.

ही केवळ तर्काची गोष्ट नाही. उलट वाटेने गेलेल्यांचे काय झाले तेही पाहता येते. लंडनमध्ये तळघरांचा प्रकार बंद व्हावा म्हणून १८३२ नंतरच्या दहा वर्षांत शहराभोवती मोठमोठ्या दफनभूमी निघाल्या. त्या बहुतेक नफ्याच्या कंपन्यांनी काढल्या. त्यांचे आरंभीचे दिवस थाटाचे होते. नन्हेड नावाची अशी एक दफनभूमी १८४० साली उघडली, सुमारे ५२ एकरांची. विसाव्या शतकात जागा भरत आल्या, उत्पन्न आटले, खर्च राहिला. १९६९ साली कंपनीने फाटकाला कुलूप लावले. आत रान वाढले, कबरी फोडल्या गेल्या. अखेर १९७५ साली तिथल्या नगर कौन्सिलने ती जागा आपल्याकडे घेतली. किंमत किती द्यावी लागली? एक पौंड! भागधारकांनी आपल्या काळात लाभांश घेतला, आणि कायमचा खर्च पुढच्या पिढ्यांच्या करावर आला. हायगेट म्हणून दुसरी एक दफनभूमी आहे, जिथे कार्ल मार्क्सची कबर आहे. तिचीही अशीच आबाळ झाली, आणि १९७५ पासून लोकांनी मंडळ काढून ती सावरली.

मात्र श्रोतेहो, कायद्यात 'नफा नको' असे लिहिले म्हणजे सर्व सुरळीत झाले असे मानण्याचे कारण नाही. कायद्याला वाट काढणारे सर्वत्र असतात. न्यूयॉर्कमध्ये काय झाले ते पाहा. संस्थेने जमीन घ्यायची, पण तिच्या जवळ पैसा नाही. मग जमीनमालक म्हणायचा, रोख नको, मला कागद लिहून द्या की प्रत्येक कबरीची जागा विकली गेली की निम्मे पैसे माझे. संस्था कागदोपत्री निःस्वार्थ, विश्वस्तांना लाभांश नाही, सर्व कायदेशीर. पण त्या कागदाचा धनी वर्षानुवर्षे प्रत्येक मयतामागे निम्मी रक्कम घेत राहिला, आणि पुष्कळदा तो धनी संस्था काढणाऱ्यांच्यापैकीच असायचा. पुढच्या दाराला कुलूप, मागचे दार उघडे! निम्मे पैसे असे गेल्यावर देखभालीला काय उरणार?

म्हणून पुढे कायदा कसावा लागला. गैरप्रकार बाहेर आल्यावर १९४९ साली न्यूयॉर्कने दफनभूमींवर देखरेख करणारे एक मंडळ नेमले. राज्याचा सचिव, राज्याचा मुख्य कायदा अधिकारी आणि आरोग्य खात्याचा प्रमुख असे तिघे त्यात असतात. धार्मिक संस्थांच्या आणि नगरपालिकांच्या दफनभूमी त्याच्या कक्षेबाहेर आहेत, बाकीच्यांना हिशेब द्यावा लागतो. कबर खणण्याचा वगैरे दर वाढवायचा तर आधी मंडळाची मान्यता घ्यावी लागते.

त्या कायद्यातील दोन-तीन कलमे तर आपल्या ग्रामपंचायतींनी ध्यानात ठेवावीत इतकी व्यवहारी आहेत. एक म्हणजे कायमनिधी. जागा विकून जे पैसे येतात त्यांतले किमान १० टक्के कायम देखभालीच्या निधीत टाकलेच पाहिजेत, शिवाय प्रत्येक दफनामागे ३५ डॉलर. या निधीच्या मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर गवत कापायचे. समजा, एक जागा १,००० डॉलरला विकली. निधीत १०० डॉलर गेले. चार टक्क्यांनी वर्षाला चार डॉलर व्याज आले. एका कबरीचे चार डॉलर म्हणजे काही नाही, पण अशा हजार कबरींचे ४,००० डॉलर होतात, आणि ते शेवटची जागा विकली गेल्यानंतरही येत राहतात. म्हणजे एकदाच पिकणाऱ्या शेताला त्यांनी दरवर्षी पिकायला लावले.

दुसरे कलम सट्ट्याविषयी. एखाद्याने स्वस्ताईत चार कबरींच्या जागा घेऊन ठेवायच्या आणि भाव चढल्यावर विकायच्या, हे तिथे जमत नाही. आपली जागा विकायची असेल तर आधी ती दफनभूमीलाच देऊ करावी लागते, आणि तीही मूळ किंमत अधिक वर्षाला चार टक्के साधे व्याज एवढ्याच दराने. तिसरे कलम असे की जागा घेणारा हा संस्थेचा सभासद होतो, त्याला सभेत मत असते. आणि १९९८ साली आणखी एक बंदी आली. अंत्यविधीचा धंदा करणाऱ्या कंपनीने दफनभूमी ताब्यात ठेवायची नाही. नाहीतर शवपेटीपासून कबरीपर्यंत सारे एकाच्याच हाती जाते, आणि पुढच्या दाराने अडवलेला नफा बाजूच्या दाराने आत येतो.

इथे एक प्रामाणिक कबुली दिली पाहिजे. अमेरिकेतल्या सर्व राज्यांनी हा मार्ग धरलेला नाही. पुष्कळ राज्यांत नफ्याच्या कंपन्या दफनभूमी चालवतात आणि त्यांतल्या कितीतरी नीटनेटक्या आहेत. उलट न्यूयॉर्कमधल्या कित्येक निःस्वार्थ दफनभूमींचा निधी अपुरा पडला, विश्वस्त म्हातारे होऊन गेले, नवे कुणी आले नाहीत, आणि संस्था ओस पडली. अशी जागा मग त्या गावाच्या प्रशासनाला सांभाळावी लागते. सरकारी ताबा म्हणजेही हमी नव्हे. १९८७ साली लंडनमधल्या वेस्टमिन्स्टर कौन्सिलने आपल्या तीन दफनभूमी खाजगी खरेदीदाराला विकल्या, एकेक पाच पेन्सला, म्हणजे तिन्ही मिळून पंधरा पेन्स. देखभालीचा खर्च टळावा म्हणून. लोकांत संताप उसळला आणि कौन्सिलला त्या परत घ्याव्या लागल्या.

आणि देखरेखच नसली तर काय होते त्याचे उदाहरण इलिनॉय राज्यातले आहे. शिकागोजवळ बर ओक ही काळ्या लोकांची जुनी दफनभूमी. एमेट टिल हा १९५५ साली वंशद्वेषातून मारला गेलेला चौदा वर्षांचा मुलगा तिथेच पुरलेला आहे. २००९ साली उघडकीस आले की तिथल्या नोकरांनी दोनशे-तीनशे जुन्या कबरी उकरून अवशेष कोपऱ्यात टाकले होते आणि त्या जागा पुन्हा विकून पैसे खिशात घातले होते. दफनभूमी एका खाजगी कंपनीची होती. गुन्हा नोकरांचा होता, कंपनीने सांगितलेला नव्हता. पण वर्षानुवर्षे कुणी वही तपासली नाही, हे तितकेच खरे. आपल्या आईबापांच्या कबरी शोधत शेकडो माणसे त्या फाटकाशी उभी राहिली. त्यानंतर २०१० साली त्या राज्याने देखरेखीचा कायदा केला.

तेव्हा या सगळ्याचे सार काय? नफ्याची मनाई हे पहिले पाऊल आहे. तिच्यामुळे जमा झालेला पैसा घेऊन निघून जाणारा मालकच उरत नाही. पण तिच्या जोडीला कायमनिधी लागतो, उघडा हिशेब लागतो, आणि विचारणारी माणसे लागतात. यांतले एक नसले तरी रान माजते.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो तेही शिक्षक बंधुभगिनींसाठी थोडक्यात सांगतो, कारण नागरिकशास्त्राच्या तासाला ते उपयोगी पडेल. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात राज्यांच्या यादीत दहाव्या क्रमांकावर दफन, दहन आणि त्यांच्या जागा हा विषय आहे, म्हणजे तो राज्य सरकारांकडे सोपवला आहे. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यात मृतांची विल्हेवाट लावण्याच्या जागा राखणे आणि नव्या करणे हे पालिकेचे आवश्यक कर्तव्य म्हणून लिहिले आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यातही दहनभूमी आणि दफनभूमी यांची व्यवस्था पंचायतीच्या कामांत घातली आहे, अर्थात गावनिधी पुरेल त्या मानाने. निरनिराळ्या समाजांची कबरस्ताने आणि दफनभूमी बहुधा विश्वस्त संस्थांकडे असतात. आणि २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा अंत्यसंस्कार, दफन, दहन ही सेवा कराच्या दृष्टीने ना वस्तू मानली ना सेवा. तिच्यावर तो कर बसत नाही. म्हणजे न्यूयॉर्कला जे १८४७ मध्ये सुचले, त्याच्याच जवळपासचा विचार आपल्याही कायद्यांत आहे. हे काम सर्वांचे आहे, त्याचा बाजार मांडू नये.

पुढच्या ग्रामसभेला मी मुद्दाम गेलो आणि हेच सर्व गुरुजींना आणि सभेला सांगितले. मक्तेदाराच्या बाजूचे एकजण म्हणाले, "सर, ते सगळं अमेरिकेचं. आपल्या गावात कुठं जागा विकायच्या आहेत?" प्रश्न बरोबर होता. मी म्हणालो, "जागा विकायच्या नाहीत, दादा, पण तीस वर्षांचा ताबा द्यायचा आहे. पहिली पाच वर्षे पत्रा नवा असेल. विसाव्या वर्षी तो गळायला लागला तर मक्तेदार नवा घालील का? त्याला त्यातून काय मिळणार? आणि दर वाढवला तर तिरडी खांद्यावर घेऊन आपण शेजारच्या गावी जाणार का?"

पुष्कळ वेळ चर्चा झाली. शेवटी ठराव झाला तो असा: शेड पंचायतीनेच बांधावी, योजनेतून मिळेल तेवढे घ्यावे, कमी पडेल त्याची वर्गणी करावी. लाकडाचा साठा पाच जणांच्या समितीने ठेवावा. दर मूळ खर्चाएवढाच असावा, आणि ज्याला तोही परवडत नाही त्याच्याकडून मागू नये. दर फाटकाशी पाटीवर रंगवावा. कुणी आईबापांच्या नावाने देणगी दिली तर ती ठेव म्हणून ठेवावी, व्याज तेवढे खर्चावे. आणि दर ग्रामसभेत हा हिशेब मोठ्याने वाचून दाखवावा.

हे शेवटचे कलम गुरुजींनी घालायला लावले. सभा संपल्यावर मी त्यांना घरापर्यंत पोचवायला गेलो. वाटेत ते हसून म्हणाले, "हिशेब वाचायला सांगितला तो माझ्यासाठीच रे. मी आता फार दिवस ऐकायला नाही. पण माझ्यानंतर कुणीतरी विचारायला पाहिजे ना!"

श्रोतेहो, आपल्याही गावच्या पुढच्या ग्रामसभेत कुणीतरी उठून हा हिशेब विचारावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो. नमस्कार.